दु. न.

पेनड्राइव्ह लावला की संगणक दोन सुरांचा एक छोटा आवाज करतो. खालून वर जाणारा. काढला की तोच उलटा, वरून खाली. आमच्या ऑफिसात पहिला आवाज येतो आणि लगेच पडद्याच्या कोपऱ्यात एक करडी चौकट उघडते: ‘या उपकरणाला परवानगी नाही. अडचण असल्यास आयटी विभागाशी संपर्क साधा.’ हे वाक्य मी लिहिलेलं आहे. सहा वर्षांपूर्वी, एका दुपारी, पाच मिनिटांत. सुरुवातीला ‘कृपया’ घालावं की नाही, यावर थोडी घुटमळले होते आणि मग नाही घातलं. ‘कृपया’ दिसलं की लोक गयावया करायला येतात, असा माझा तेव्हाचा समज होता. त्या शुक्रवारी सव्वापाचला काकांच्या टेबलावरून तो आवाज आला. दोन मिनिटांनी ते स्वतःच माझ्या खुर्चीशी येऊन उभे राहिले, हातात टोपण हरवलेला पेनड्राइव्ह. म्हणाले, “अगं, हा तुझा पहारेकरी मला ओळखत नाही.”

काका सर्व्हिस विभागातले. ३१ वर्षं नोकरी, आणि तो त्यांचा शेवटचा दिवस. अख्खं ऑफिस त्यांना काकाच म्हणायचं, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. त्यांना त्यांच्या संगणकावरचं ‘घरचे’ नावाचं एक फोल्डर हवं होतं. आमचा नियम असा, की जाणाऱ्या माणसाला स्वतःचं काही न्यायचं असेल तर आयटीने प्रत्येक फाइल उघडून बघायची आणि मग आयटीच्याच मशीनवरून ती द्यायची. नावावर जायचं नाही. ‘सहल’ नावाच्या फाइलीत दरपत्रक निघू शकतं. हा नियमही मीच लिहिलेला. काकांनी तो कुरकुर न करता ऐकला, बाजूची खुर्ची ओढली आणि माझ्याशेजारी बसले. फोल्डरमध्ये २१४ फाइली होत्या.

कुणाचं कपाट त्याच्या देखत उपसावं तसा तो तास गेला. काकूंच्या तपासण्यांचे रिपोर्ट, स्कॅन करताना कागद तिरका झालेला, त्यामुळे सगळे आकडे उतारावरून घसरल्यासारखे. मुलीची गुणपत्रिका, तीन वेळा स्कॅन केलेली. विम्याच्या पावत्या. एका तुटक्या बिजागरीचा फोटो, बहुधा दुकानात दाखवायला काढलेला. मी उघडायची, क्षणभर बघायची, बंद करायची. काका “उघड, उघड, त्यात काय” म्हणत खिडकीकडे बघायचे. मग एकामागून एक चार राजीनामे निघाले. चार वेगवेगळ्या वर्षांतले, कधीच न दिलेले. तीन व्यवस्थित, ‘आपला विश्वासू’पर्यंत आलेले. एक अर्धवट. ‘गेल्या काही महिन्यांतील घटना पाहता मला’ इथे थांबलेलं. कोणत्या घटना, ते मला आजही माहीत नाही. पण ते वाक्य जिथे तुटलं ती जागा मला अजून दिसते. मी फाइल बंद केली, ती जरा जास्तच घाईने, आणि ती घाई काकांना कळली असणार.

शेवटून तिसरी फाइल एक्सेलची होती. नाव ‘वही’. उघडली तर अकराशेच्या वर ओळी. ग्राहकाचं नाव, मशीनचा नंबर, कधी काय बदललं, आणि शेवटच्या रकान्यात काकांच्या खास खुणा. घ. घ., स. बो., दु. न., मा. वि., एखाद्या ओळीला नुसतं उद्गारचिन्ह. मी म्हणाले, “काका, ही नाही देता येणार.” ते म्हणाले, “हो ना, ती ऑफिसचीच.” थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, “वही मात्र माझी होती.” मला आधी कळलं नाही. मग कळलं. संगणक यायच्या आधी ही सगळी माहिती ते खिशातल्या वहीत लिहायचे, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या वह्यांत. पुढे ऑफिसने सगळं संगणकावर न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी संध्याकाळी थांबून सगळं टाइप केलं आणि जुन्या वह्या रद्दीत घातल्या. टाइप केलं नसतं तर त्या दिवशी त्या वह्या त्यांच्या पिशवीतून सुखाने घरी गेल्या असत्या. दारावरच्या माणसाने त्यांना नमस्कारच केला असता.

मी ती एक फाइल सोडून २१३ दिल्या.

नियमाप्रमाणे बरोबर होतं. त्यातून निवृत्तीनंतर आठवड्यातले दोन दिवस एका ओळखीच्या माणसाकडे सल्ला द्यायला जाणार असल्याचं काकांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, आणि तो ओळखीचा माणूस आमच्याच धंद्यातला. म्हणजे नियम ज्या प्रसंगासाठी केला, तोच प्रसंग. तरी घरी जाताना काहीतरी टोचत राहिलं. फाइल ठेवून घेतली ते टोचत होतं, की बाकीच्या उघडल्या ते, याचा मला बरेच दिवस पत्ता लागला नाही.

मी या कामात आले तेव्हा फ्लॉपीचे शेवटचे दिवस होते. १.४४ एमबीची ती चौकोनी वडी. तिच्यातून कुणी काही पळवेल ही भीती कुणालाच नव्हती, कारण तिच्यात जे मुद्दाम ठेवलं तेही धड राहायचं नाही. २००० साली पहिले पेनड्राइव्ह बाजारात आले ते ८ एमबीचे, म्हणजे पाच-सहा फ्लॉप्या एका बोटात. आज त्याच बोटात आमचा अख्खा सर्व्हर मावतो. मालकांच्या मनात भीती शिरली ती या बोटाएवढ्या वस्तूमुळे. सुरुवातीला एका ठिकाणी मी पोर्टमध्ये चक्क डिंक भरलेला पाहिला आहे; गरम बंदुकीने ओतलेला, वाळल्यावर मेणासारखा पिवळट. तो भरणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, की कीबोर्ड आणि माऊसही त्याच भोकात जातात. महिन्याभरात माऊस बिघडला आणि ते मशीन मुकं झालं.

त्यापेक्षा शहाणा उपाय विंडोजच्या पोटातच असतो. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात, ‘यूएसबीस्टोर’ नावाची एक जागा आहे, तिथे ‘स्टार्ट’पुढे ३ असतो, त्याचा ४ केला की पेनड्राइव्ह लागत नाही, माऊस मात्र चालतो. एका आकड्याचा फरक. हे पहिल्यांदा केलं तेव्हा मला केवढी मोठी गोष्ट हाती आल्यासारखं वाटलं होतं. दोनच आठवड्यांनी एकाने चार्जिंगला म्हणून फोन लावला आणि त्याच्या पडद्यावर फोनचे सगळे फोल्डर ऐटीत उघडले. फोन पेनड्राइव्हच्या वाटेने येतच नाही, त्याची वाट वेगळी, तिला वेगळं कुलूप लागतं. मग सगळ्या मशीनना एकदम लागू होणारी पॉलिसी आली, त्यात पेनड्राइव्ह वेगळा, फोन वेगळा, सीडी वेगळी. मग खासगी ईमेल बंद. मग फुकट फाइल साठवायच्या साइट बंद. मग ब्लूटूथ. मग प्रिंटरवर कार्ड दाखवल्याशिवाय कागद बाहेर येईना. प्रत्येक कुलूप लावताना वाटायचं, झालं, आता हे शेवटचं. इस्राएलमधल्या बेन गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी तर २०१६ मध्ये दाखवून दिलं, की कुठल्याही जाळ्याला न जोडलेल्या संगणकातून केवळ त्याच्या पंख्याचा वेग कमीजास्त करून, त्या घरघरीतून शेजारच्या फोनला माहिती पुरवता येते. अगदी संथपणे, पण येते. ते वाचलं त्या रात्री मी आमच्या सर्व्हर रूममध्ये उगीच पाच मिनिटं उभी राहून पंखे ऐकत होते.

या सगळ्यावर बसवलेला राजा म्हणजे डीएलपी, माहितीची गळती रोखणारं सॉफ्टवेअर. बाहेर जाणारी प्रत्येक मेल, प्रत्येक अटॅचमेंट तो उघडून वाचतो आणि त्यात गुपित दिसलं तर अडवतो. वाचतो म्हणजे काय, तर आकार ओळखतो. सोळा आकडे ओळीने दिसले की त्याला कार्ड नंबरचा संशय येतो. मग तो ते आकडे आयबीएमच्या हान्स पीटर लून यांच्या सूत्रात घालून बघतो. लून यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५४ मध्ये अर्ज केला होता. एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, उत्तर दोन आकडी आलं तर ते दोन आकडे मिळवायचे, मग सगळ्यांची बेरीज करायची आणि ती दहाने भागली जाते का पाहायचं. सूत्र साधं आणि सुंदर आहे, पण ते केलं आहे टाइप करताना होणाऱ्या चुका पकडायला. उगाच लिहिलेल्या दर दहा नंबरांतला एक त्यात आपोआप बसतो. आमच्या मशीनचे नंबर नेमके सोळा आकडी आणि ४ ने सुरू होणारे. पहिल्या महिन्यात सर्व्हिस विभागाचा एकही लांबलचक रिपोर्ट ग्राहकाकडे पोचला नाही. डीएलपीला वाटत होतं काका रोज सकाळी पाच-पंचवीस कार्डांचे नंबर विकतायत. काका मला विचारायला आले, “मी काय केलंय गं?” मी हसून सांगितलं. त्यांना हसू आलं नाही.

एका जुन्या सुभाषितात म्हटलंय, पुस्तक, बाई आणि पैसा परहस्ते गेला की गेला, आणि परत आलाच तर मोडकातोडका येतो. बाईला त्या यादीत बसवणाऱ्याशी माझं वेगळं भांडण आहे, ते राहू दे. पण त्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का होता: वस्तू एका वेळी एकाच हातात. फाइलीचं तसं नाही. ती परहस्ते जाते आणि आपल्याकडेही तशीच्या तशी राहते, तारीखसुद्धा न बदलता. चोरी झाल्याचं कळायला काही हरवलेलंच नसतं. म्हणून मग आमच्यासारख्यांना वस्तूंऐवजी माणसांवर नजर ठेवावी लागते.

नजर ठेवणं हे काम कसं असतं, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगते. रोज सकाळी माझ्यासमोर आदल्या दिवसाचा लॉग येतो. कुणी किती फाइली उघडल्या, किती उतरवल्या, कधी. रोज चाळीस फाइली उघडणाऱ्याने एका रात्री चार हजार उघडल्या तर ती ओळ लाल होते. नोटीस दिलेल्यांची नावं एका वेगळ्या यादीत जातात आणि त्यांच्या ओळी मी आधी वाचते. यात खरोखर पकडण्याजोगं वर्षातून एखादं निघतं. बाकीचे दिवस निघतात ती माणसं. कोण बायोडेटा नव्याने लिहितोय. कुणाचं प्रिंट रात्री नऊला निघतंय, म्हणजे घरी जायला नको आहे. कोण सलग तीन दिवस एकाच आजाराचं नाव शोधतंय. मला हे बघायचं नसतं. मी हे कुणाला सांगतही नाही. पण लिफ्टमध्ये तो माणूस समोर आला, की मला त्याच्याविषयी काहीतरी ठाऊक असतं आणि ते ठाऊक असल्याचं त्याला ठाऊक नसतं. मग मी मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहते.

आता दुसऱ्यांच्या फोल्डरबद्दल एवढं बोलले, तर माझ्या ड्रॉवरबद्दलही बोलायला हवं. आधीची नोकरी सोडताना, तेव्हा पोर्ट उघडे होते, मी माझे स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम, एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. बॅकअप घेणारे, जुने लॉग साफ करणारे, रात्री दोनला सर्व्हर पडला की मेसेज पाठवणारे. ते मी लिहिले होते, बरेचसे घरी, जागून. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं, ही ओळ माझ्याही करारात होतीच आणि मी तिच्याखाली सही केली होती. तरी कॉपी करताना मला चोरी करतेय असं एका क्षणासाठीही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की हे इथे ठेवून गेले तर कुणी उघडणारही नाही. ती हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे भरत गेली, आणि मी एकदा दरवाजाकडे पाहिलं. ते पाहणं मला आठवतं. चोरी वाटत नव्हती, तर दरवाजाकडे का पाहिलं? तो पेनड्राइव्ह मी पुन्हा कधीच उघडला नाही. नव्या जागी सगळं नव्यानेच लिहिलं, आणि लिहिताना कळलं की बरंचसं बोटांना पाठ होतं.

बोटांना पाठ असलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. अठराव्या शतकात इंग्लंडने सूतगिरणीची यंत्रं, त्यांचे नकाशे आणि ती चालवणारे कसबी कामगार, तिन्ही देशाबाहेर जाऊ देण्यावर बंदी घातली होती. आजच्या भाषेत सगळे पोर्ट बंद. १७८९ मध्ये सॅम्युएल स्लेटर नावाचा एकवीस वर्षांचा तरुण तिथून अमेरिकेला निघाला. सूतकताईची यंत्रं आणणाऱ्या आर्कराइटच्या धर्तीच्या गिरणीत त्याने उमेदवारी केली होती. जवळ यंत्रांचा एकही नकाशा नाही. १७९० मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे त्याने ती यंत्रं डोक्यातून उभी केली. पुढे अमेरिकेत तो उद्योगाचा जनक झाला आणि इंग्लंडमधल्या त्याच्या गावाकडे त्याला ‘गद्दार स्लेटर’ म्हणू लागले. त्यानंतर वीसेक वर्षांनी बोस्टनचा फ्रान्सिस कॅबट लोवेल इंग्लंडच्या गिरण्या पाहुणा म्हणून हिंडून पाहून गेला. परतीच्या वाटेवर त्याचं सामान उपसून तपासलं गेलं. काही मिळालं नाही. यंत्रमाग तो डोक्यात घेऊन चालला होता. त्या झडती घेणाऱ्याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. घडी घातलेले सदरे उलगडणारा, खणाच्या तळाशी हात घालून चाचपणारा, आणि शेवटी ‘जाऊ द्या’ म्हणणारा. त्याने काम चोख केलं होतं.

दुसऱ्या टोकाला डॅनियल एल्सबर्ग, अमेरिकन सरकारसाठी काम करणारा एक विश्लेषक. १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धावरचा सात हजार पानांचा गुप्त अहवाल त्याने ऑफिसातून ब्रीफकेसमध्ये घालून थोडा थोडा बाहेर आणला, रात्री एका जाहिरात कंपनीच्या झेरॉक्स मशीनवर त्याच्या प्रती काढल्या, आणि मूळ कागद पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवले. एका रात्री मदतीला त्याची मुलं होती. तेरा वर्षांचा मुलगा मशीन चालवत होता आणि त्याहून लहान मुलगी कात्रीने पानांवरचे ‘परम गुप्त’ हे शब्द कापून टाकत होती. १९७१ मध्ये त्यातले भाग वर्तमानपत्रांत छापून आले. या गोष्टीत मी कुणाच्या बाजूची, हे मला लगेच सांगता येतं. एल्सबर्गच्या. पण मी त्या ऑफिसात माझ्या कामावर असते तर त्याची ब्रीफकेस उघडली असती. दोन्ही उत्तरं खरी आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

सगळेच एल्सबर्ग नसतात, हेही पाहिलंय. आमच्याकडचा विक्री विभागातला एकजण. पोर्ट बंद, मेल बंद, म्हणून त्याने पडद्याचेच फोटो काढले, फोनने, एकेक पान करत. याला उपाय नाही. पडदा माणसाच्या डोळ्याला दिसायचा असेल तर तो कॅमेऱ्यालाही दिसणार. आम्ही नंतर प्रत्येकाच्या पडद्यावर त्याचा कर्मचारी क्रमांक तिरपा, फिकट, पाण्यातल्या सावलीसारखा उमटवायला लागलो, म्हणजे फोटो निघालाच तर कुणाच्या पडद्याचा ते कळावं. पण तेव्हा तेही नव्हतं. तो सापडला तो एका खोट्या ग्राहकामुळे. ग्राहकांच्या यादीत मी माझ्या मनाने एक माणूस घालून ठेवला होता, नाव, हुद्दा, आणि मलाच पोचणारा ईमेल पत्ता. त्या माणसाला एके दिवशी दुसऱ्या कंपनीचं आपुलकीचं पत्र आलं: ‘आपल्या जुन्या मशीनला नवी सोबत.’ नकाशे छापणारे ही युक्ती फार आधीपासून करत. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या एका नकाशात ‘ॲग्लो’ नावाचं नसलेलं गाव नक्कल पकडायला म्हणून घातलं होतं. नंतर कुणीतरी नकाशात नाव बघून त्या जागी खरोखरच त्या नावाचं दुकान थाटलं. माझ्या ग्राहकाचंही तसंच होत चाललंय. गेल्या वर्षी हिशेब विभागाने त्याला थकबाकीचं स्मरणपत्र पाठवलं. मला वाचून वाईट वाटलं, इतकी वर्षं एकाच नावाला सांभाळलं की होतं तसं.

या धंद्यात एक जुना मंत्र आहे. एमआयटीतल्या सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलेला: कुणालाही त्याच्या कामापुरतेच अधिकार असावेत, त्याहून जास्त नाहीत. माझ्या मते सगळ्या कुलपांपेक्षा हे एक वाक्य जास्त कामाचं आहे, आणि तेच कुणी पाळत नाही. विक्रीच्या त्या मुलाला पन्नास ग्राहक लागत होते, त्याच्यासमोर यादी सगळी होती. कारण राइट्स वाटताना ‘देऊन टाक, नंतर बघू’ म्हणणं सोपं असतं. तो नंतर कधी येत नाही. डिंक भरायला मात्र सगळे तयार. पण काकांना हा मंत्र लावायला गेले तर अडखळते. त्यांना त्या फाइलीचे किती अधिकार असायला हवे होते? ती त्यांच्याशिवाय नव्हतीच.

काका गेल्यावर ‘वही’ सर्व्हरवर ठेवली गेली, सर्व्हिस विभागाला फक्त वाचायची परवानगी. नव्या इंजिनिअर मुलाला ती दिली. तो हुशार आहे, त्याने लगेच तिला फिल्टर लावले, रंग दिले. आठ महिन्यांनी एका जुन्या ग्राहकाचा फोन आला, आमच्या साहेबांनाच, आणि काचेच्या पलीकडून साहेबांची मान खाली खाली जाताना आम्हाला सगळ्यांना दिसली. त्या ग्राहकाच्या मशीनला तीन वेळा सर्व्हिस चुकली होती. मुलाला बोलावलं. त्याने फाइल उघडून दाखवली. ओळीच्या शेवटी लिहिलं होतं, दु. न. तो म्हणाला, “सर, इथे स्पष्ट आहे. दुरुस्ती नको.”

कुणीच काही बोललं नाही. कारण दु. न. म्हणजे काय, हे आमच्यातल्या कुणालाच सांगता येईना. मा. वि. म्हणजे ‘माल विकला’ असं एकाला वाटत होतं आणि ‘मालकाला विचारा’ असं दुसरीला. साहेब माझ्याकडे वळले. “तू लाव काकांना फोन. तुझं ऐकतील.” माझंच का ऐकतील, ते मी विचारलं नाही.

काकांनी दुसऱ्या रिंगला उचलला. मागे कुठलंतरी मशीन चालू होतं, म्हणजे तो त्यांच्या त्या दोन दिवसांपैकी एक असणार. मी जरा लांबण लावून खुशाली विचारली, मग विषयावर आले. दु. न. म्हटल्यावर ते खळखळून हसले. “दुपारी नको गं. दुपारी ते शटर ओढून झोपतात, गेलास तर दार उघडत नाहीत आणि वर तक्रार करतात. स. बो., सकाळी बोला. घ. घ. म्हणजे घरघर, ती ऐकून सोडून द्यायची, त्या मशीनला ती पहिल्यापासून आहे.” मी लिहून घेत होते, कागदावर, पेनने. अशी चाळीसएक ओळींची शंका निघाली. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि ग्राहकाचं नाव वाचायला सुरुवात केली, तर त्यांनी थांबवलं.

“नावं नको वाचूस,” ते म्हणाले. “मी दुसऱ्याच्या जागेत बसलोय. नुसत्या खुणा वाच.”

मग मी नुसत्या खुणा वाचल्या आणि ते अर्थ सांगत गेले. माझ्या पडद्यावर ओळींच्या आरपार माझा कर्मचारी क्रमांक तिरपा उमटलेला होता. एकविसाव्या ओळीला नुसतं उद्गारचिन्ह होतं. मी म्हणाले, “काका, इथे फक्त उद्गारचिन्ह आहे.” ते बराच वेळ गप्प. मागचं मशीन बंद झाल्याचं ऐकू आलं, मग पावलं, मग एक दार. “तशी पाच-सहा आहेत,” ते हळू आवाजात म्हणाले, “त्याला नाव लागेल.”

मी खुर्ची भिंतीकडे वळवली आणि नाव वाचलं.